जहाजाच्या पोटातली माती

परदेशात, पेनरोजच्या एका कारखान्यात फिटर असलेले शशिकांत आबा हाताचे पक्के, पण मनाचे भारी घाबरट. गॅरेजला कुलूप लावलं की नाही, ही काळजी त्यांना रोज अर्ध्या वाटेत गाठायची. अशा माणसाने नातीसाठी लढाऊ जहाज बांधायला घ्यावं, म्हणजे विकतचं दुखणंच!

अनुष्काला वर्गात दक्षिण अमेरिकेतल्या एका जुन्या शिडाच्या जहाजाची गोष्ट सांगायची होती. नौदलाचं ते जहाज लढाईत बुडालं, शत्रूने वर काढून त्यावर आपलं निशाण लावलं, मग मूळ मालकांनी ते परत जिंकलं. आबांनी त्याची लाकडी प्रतिकृती हुबेहूब केली. तळाला वजन हवं होतं. घरचा गणपती घडवून उरलेली माती कचऱ्यात कशी टाकायची? त्यांनी ती अनुष्काच्या देखतच जहाजाच्या पोटात थापली आणि वरून डेक चिकटवून टाकला.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीत बाप्पांचा नुसता गाळ उरलेला पाहिला, आणि आबांना जहाज आठवलं. त्याच्याही पोटात तीच कच्ची माती! एका फटीतून पाणी शिरलं की जहाज आडवं. आणि ते तळ्यात सोडायचं होतं त्याच दुपारी.

"अनू, पुढच्या आठवड्यात सोडू या का गं?"

"नो वे, आबा! होल क्लास इज कमिंग!"

खरं सांगायला जीभ रेटेना. तळ्यावर अनुष्का ऐटीत गोष्ट सांगत होती, पोरं ऐकत होती, शिडं वाऱ्याने फुगली होती. आबा मात्र जहाजाच्या कडेवरची पाण्याची रेघ बघत होते. रेघ वर चढली. लाकडाभोवती पाणी गढुळलं. जहाज कललं, क्षणभर थांबलं आणि गेलं तळाशी. कुणीतरी फिसकन हसलं.

आपण पोरीचं हसं केलं, या विचाराने आबांना भयंकर लाज वाटली. तिच्याकडे न बघताच ते पायातल्या रबरी चपलांसकट पाण्यात उतरले.

मागून अनुष्काचा खणखणीत आवाज आला, "सी? इट सँक. नाऊ वी पुल इट अप!"

मग ती काठावर आली आणि चक्क मराठीत म्हणाली, "आबा, 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणायचं असतं ना?"

आबा गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांनी वाकून तळाचं जहाज दोन्ही हातांनी वर उचललं.