पप्पांचे काळे केस

माझे केस कॉलेजातच पिकायला लागले. ते रंगवायचे नाहीत हे मी तेव्हाच ठरवलं आणि पत्रकात छापूनही टाकलं: वय लपवायला लावणाऱ्यांपुढे आपण का वाकायचं? ती पत्रकं मी अंबरनाथला कारखान्यांच्या गेटवर वाटली. लहानपणी पप्पांच्या खांद्यावर बसून युनियनची वाटायचे, तशीच.

त्यातल्याच एका गेटमधून पप्पा पॅकिंगच्या कामाला जातात, ठेकेदाराकडे. गेल्या वर्षी ठेकेदाराच्या माणसाने रांगेतली दोन पांढरी डोकी परत पाठवली. "काका, आता नातवंडं सांभाळा." पप्पांचं काम गेलं तर या वयात दुसरं मिळणार नव्हतं. रविवारी त्यांनी उल्हासनगरहून डायची पाकिटं आणली आणि ब्रश माझ्या हातात दिला.

"घ्या लेखिकाबाई. मागचं मला दिसत नाही."

"मी नाही लावणार."

"मग तुझं पत्रक लाव त्यांच्या डोक्याला," आई आतून म्हणाली.

लावला. दर पंधरा दिवसांनी लावत राहिले. दिवाळीनंतर एका सकाळी पप्पांचे डोळेच उघडेनात. कपाळ, पापण्या, कान, सगळं सुजलेलं.

"आधी कानामागे थोडा लावून पाहिला होता का?" कात्रपच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "पाकिटातल्या कागदावर लिहिलेलं असतं."

आमच्या घरात भिंतीवरचं पत्रकही उभं राहून वाचतात. तो कागद मी ब्रश पुसायला वापरायचे.

"डाय कायमचा बंद. काळी मेंदीही नको, त्यातही बऱ्याचदा तेच रसायन असतं." मग त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. "तुमचं बहुधा घराण्यातून आलंय. तरी बी-ट्वेल्व्ह आणि थायरॉइड तपासून घ्या. यांचं वयाचं, त्याला औषध नाही. राहू द्या की पांढरे, शोभतात."

"साधी मेंदी?" मी विचारलं.

"लाल डोकं घेऊन जाऊ गेटवर?" पप्पा सुजलेल्या तोंडाने म्हणाले.

आता दर तीन दिवसांनी मी त्यांच्या डोक्यावरून मशीन फिरवते. मिशीही गेली. पहिल्या दिवशी वॉचमनने विचारलं, "घरात कोण गेलं, काका?"

"कोणी नाही. उकडतं."

थंडीचे दिवस होते.

काल मशीन मध्येच बंद पडली. कानामागे पांढरे खुंट राहिले, माझ्या अंगठ्याला टोचत होते. डबा उचलता उचलता पप्पांनी मान वळवली.

"दिसतंय का गं?"

माझं डोकं गेटवर कुणी तपासत नाही.

"नाही," मी म्हणाले.