एकादशीची कात्री

देवराज मोहल्ल्यात ब्लाउज शिवणारे पुष्कळ आहेत, पण माप घेता घेता गिऱ्हाइकाला इतकं हसवायचं की माप पुन्हा घ्यावं लागावं, हे काम एकट्या रंगनाथांचं. वय एकसष्ट. घरात विठ्ठल आणि शिलाई मशीन पिढ्यान्‌पिढ्या एकाच खोलीत. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आणि चौथीपासून नाकावर बसलेला उणे बाराचा चष्मा एकदाचा उतरला. तेव्हापासून स्वारी हवेतच होती. समोरच्या दुकानाच्या पाटीवरचा फोन नंबर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवत.

त्या मंगळवारी सुप्रीता नावाच्या नवरीचं क्रीम रंगाचं रेशीम टेबलावर पसरलं होतं. त्यावर एक काळा दोरा. रंगनाथांनी चिमटीत धरला, तो सटकला. डावीकडे पकडायला गेले तर उजवीकडे पळाला. "पाहा, तुमचं कापड नाचतंय!" ते म्हणाले, आणि सुप्रीता हसून लोटपोट झाली. मग तोच दोरा भिंतीवर दिसला, चहाच्या कपात दिसला. अधूनमधून उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात लखकन उजेडही होई. दसऱ्याची रोषणाई यंदा लौकर लावली, असं त्यांनी स्वतःला सांगून टाकलं.

दुपारी जेवताना हे सगळं त्यांनी तिखटमीठ लावून सांगितलं. पत्नी सुमित्राबाई हसल्या. मुलगी वर्षिणी मात्र हातातला घास तसाच धरून बसली. ती विजयनगरात एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते.

"अप्पा, हे कधीपासून?"

"आज सकाळपासून. सुम्ने, उगीच मजा आहे ग, फुकटचा सिनेमा!"

"जुना नंबर उणे बारा, वर ऑपरेशन. डोळ्याला कधी मार लागलावता काय?"

"चौथीत भोवरा बसला की! आठ दिवस टमाट्यासारखा लाल." रंगनाथ खूश झाले. शाळेत त्यांची इतकी उत्तरं कधी बरोबर आली नव्हती.

"घरात कुणाच्या डोळ्याचा पडदा सुटलावता?"

सुमित्राबाईंचा वाढता हात थांबला. या घरात ती गोष्ट कुणी काढत नसे. एकादशीला कापडाला कात्री लावायची नाही, हा घरचा नेम. रंगनाथांच्या वडिलांनी तो एकदाच मोडला, एका नवरदेवाच्या अडलेल्या कोटासाठी. आठवड्याच्या आत डाव्या डोळ्यावर काळोख उतरला तो कायमचा. देवानं शिक्षा केली, असं सर्वांत आधी तेच म्हणाले. पुढं बावीस वर्षं ते भजनात दाराशी बसले, टाळ काही हाती घेतले नाहीत. आणि रंगनाथांनी चाळीस वर्षांत एकही एकादशी चुकवली नाही. त्यामुळं आपल्या डोळ्यांना काही होणार नाही, याची त्यांना पक्की खात्री होती.

"अज्जांचा नंबर किती होता?" वर्षिणीनं विचारलं.

"माझ्याहून जास्त. काचा म्हणजे बाटलीची बुडं!"

तिनं हात धुतले आणि स्कूटरची किल्ली उचलली.

"अय्यो, संध्याकाळी जाऊ. नवरीचा ब्लाउज राहिलाय."

"पडदा सुटला तर ब्लाउज कोण शिवणार? बेगा, लौकर चला!"

दवाखान्यात डोळ्यांत थेंब घातले आणि जग दुधात बुडालं. सगळ्या दिव्यांना पिसारे फुटले. डॉक्टर तुंगा बराच वेळ डोळ्यात पाहत राहिल्या. तेव्हा कुठं रंगनाथांना भीती वाटली. उभ्या आयुष्यात प्रथमच त्यांना विनोद सुचेना.

"पडद्याला फाट पडलीय," डॉक्टर म्हणाल्या. "अजून सुटला नाही. आज आलात ते बरं केलंत."

"फाट आहे तर टाका घाला की!"

"तेच करणार. लेझरचा."

काम आटोपल्यावर रंगनाथांनी चाचरत विचारलं, "डॉक्टर, एकादशीला कापड कापल्यानं हे होतं काय?"

डॉक्टर हसल्या नाहीत. "कात्रीचा काही संबंध नाही. एवढा मोठा मायनस नंबर असला की डोळा लांबट असतो, पडदा ताणून पातळ होतो. त्यात ऑपरेशन, जुना मार, घरात कुणाला झालेलं असणं, यानं धोका वाढतो."

"पण माझा चष्मा तर गेला!"

"चष्मा गेला. डोळा तेवढाच लांब राहिला."

परतताना स्कूटरवर मागं बसून रंगनाथ हसत होते आणि काळ्या चष्म्याखालून रडतही होते. वर्षिणीनं दोनदा विचारलं, दुखतंय का. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. घरी पोचताच आधी मुलाला, पुनीतला, फोन केला. "तुझा उणे नऊ आहे. उद्या तपासून ये, एकादशी असो नसो!"

मग ते विठ्ठलाच्या खोलीत गेले. खिळ्यावरचे वडिलांचे टाळ उतरवले, धोतराच्या सोग्यानं धूळ पुसली आणि त्यांच्या फोटोपुढं ठेवले.

"बाबा, तुमचं काही चुकलं नव्हतं. नंबर होता, नंबर!" ते म्हणाले. "वाजवा आता."