वजनमामांचा हात

लिमलेटच्या गोळ्यांच्या कारखान्यात त्यांना सगळे वजनमामा म्हणत. पाकिटं भरणाऱ्या यंत्राच्या टोकाला त्यांचं टेबल. त्यावर काटा, वही आणि दोरीने बांधलेली पेन्सिल. कारखान्याचा मामांवर विश्वास होता, पेन्सिलीच्या बाबतीत नव्हता. दर अर्ध्या तासाला पट्ट्यावरून हाताला येतील ती पाच पाकिटं उचलायची, तोलायची, वहीतल्या आलेखावर ठिपके द्यायचे. पाकीट शंभर ग्रॅमचं; तीन ग्रॅम इकडेतिकडे माफ. असं बावीस वर्षं चाललं.

हाताचा लौकिक गल्लीपर्यंत गेला होता. किराणावाला साखर तोलली की पुडा पुढे करी, "मामा, जरा शिक्कामोर्तब." मामा पुडा तळहातावर झेलत आणि "आज पाच ग्रॅम उदार झालास" असं काहीतरी म्हणत. मामी तेव्हा डाळींच्या पोत्यांकडे बघत. नवऱ्याचं कौतुक लपवायला दुकानात तेवढीच जागा होती.

मग एका मोठ्या गिऱ्हाइकाने तपासनीस पाठवली, पंचविशीची मुलगी. यंत्राची डगमग माफ असलेल्या तीन ग्रॅमांत किती सैल बसते, याचा एक आकडा असतो. तिला तो किमान १.३३ हवा होता. मालकांनी मामांना सांगून ठेवलं होतं: आकडा आला तर निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं टेबल तुमचं, नाही तर स्वयंचलित काटा बसवू. मामा निर्धास्त होते. त्यांच्या वह्या १.४३ सांगत होत्या.

मुलीने वह्या वाचल्या, अक्षराची तारीफ केली आणि पट्ट्यावरून सलग शंभर पाकिटं काढून तोलली. आकडा आला ०.८. सुपरवायझरने आधी काट्यावर संशय घेतला, मग विजेच्या दाबावर, शेवटी मुलीच्या वयावर. ती वाद घालत बसली नाही. तीच पाकिटं तिने टोपलीत ओतली आणि मामांना रोजच्यासारखी पाच उचलायला सांगितली. पाचही शंभराला चिकटून. पुन्हा पाच, पुन्हा तेच.

"मामा, ते मघाचं एक परत का ठेवलंत?"

"कुठलं?" मामांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

हात इतका तयार झाला होता की कमीजास्त पाकीट बोटांना लागताच सुटून जाई. डोक्यापर्यंत बातमी पोचतच नसे. बावीस वर्षं यंत्र डगमगत होतं आणि वहीत मामांचा हात स्थिर होता. लबाडीचा आरोप कोणी केला नाही. केला असता तर निदान भांडता आलं असतं.

स्वयंचलित काटा आला. तो चुकीची पाकिटं आपोआप बाहेर ढकलतो, त्यामुळे यंत्र दुरुस्त करायची गरज कोणाला वाटली नाही. वह्या रद्दीत गेल्या. रद्दीवाल्याने त्या ताणकाट्याला लटकवून तोलल्या, बऱ्याच भरल्या. मामा आता खोक्यांना चिकटपट्टी लावतात. त्या कामात हाताला कोणी काही विचारत नाही.

महिन्याभराने किराणावाल्याने साखरेचा पुडा पुढे केला. "मामा, शिक्कामोर्तब."

मामांचा हात खिशातच राहिला. "काट्यावर आहे ना," ते म्हणाले, "मग बरोबरच असेल."

मामींनी पुडा पिशवीत टाकला. आज त्यांनी पोत्यांकडे पाहिलं नाही. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.