श्रावणातलं काळ्या वाटाण्याचं सांबारं

सहदेवला नोकरी लागली, आणि लागली तीही नेमकी श्रावणात! गिरणी बंद पडल्यापासून मिळेल ते काम करणारा नवरा आज पहिल्यांदा कंपनीत गेला होता. एरवी घाटकोपरच्या त्या खोलीत मटणच शिजलं असतं. पण श्रावण मोडेल ती शेवंती कसली? बातमी कळली त्याच रात्री तिने काळे वाटाणे भिजत घातले.

आता तिने कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईस्तोवर भाजलं, पाट्यावर गंधासारखं वाटलं आणि गावच्या मसाल्यासकट शिजलेल्या वाटाण्यांत ओतलं. मटणाला घालतात तेच वाटण, तितक्याच सढळ हाताने! रस्सा रटरटायला लागला तशी ती एकटीच हसू लागली.

तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या क्षमावैनी पदराने नाक झाकून उभ्या होत्या. जन्मात अंड्यालासुद्धा शिवले नाही, असं त्या चाळभर सांगायच्या.

"शेवंती, श्रावणात मटण? काही लाजबीज आहे की नाही?"

शेवंतीचं डोकंच फिरलं. तिने भरलेला डाव थेट वैनींच्या नाकाखाली धरला.

"बघा! काळे वाटाणे आसत हे. नि काय ओ वैनी, मटणाचो वास तुमका कसो कळलो?"

वैनींचा पदर खाली आला. त्यांनी मागे वळून आपल्या दाराकडे पाहिलं, झटकन आत आल्या आणि कडी लावली.

"ह्यांना सांगू नकोस," त्या कुजबुजल्या. "वाढ लवकर. आणि श्रावण संपला की हाक मार."