बरणीतलं पाणी वाढलं कसं

देवासला आमच्या घरी पाण्याने थंड राहणारा कम्प्युटर बनवायचं घाटत होतं, तेव्हा माझा पहिला संशय धाकट्या दिरांवर होता. ते धारला कम्प्युटर क्लास चालवायचे आणि दर सुट्टीला एखादी योजना घेऊन आमच्याकडे यायचे. आधीच्या खेपेला त्यांनी आमचा टीव्हीचा अँटेना सुधारून दिला होता. तेव्हापासून बातम्या मुंग्यांमधून बघाव्या लागत होत्या.

गरज मात्र माझीच होती. मी घरात बसून लग्नाच्या फिल्म्सचं एडिटिंग करायचे. शूटिंगवाला कॅसेट आणून द्यायचा, मी त्या कम्प्युटरवर घेऊन कापायचे, जोडायचे, नावं आणि गाणी टाकायचे. शेवटी कम्प्युटर सगळं एकत्र करायला बसला की तासन्‌तास चालायचा, आणि एप्रिल लागला की तापून मध्येच बंद पडायचा. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्या वर्षी कन्नौदच्या एका धान्य व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न माझ्याकडे होतं. मुलगी नवऱ्याबरोबर परदेशी जाणार होती, त्याआधी फिल्म हवी होती. शूटिंगवाल्याने दारातच सांगितलं, "भाभी, सेठजी नाराज हुए तो कन्नौद का काम समझो गया." माझं निम्मं काम कन्नौदचंच होतं.

दिरांनी जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. नवा प्रोसेसर घ्यायचा आणि कंपनीने ठरवलंय त्याहून जास्त वेगाने पळवायचा. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. तो जास्त तापणार, म्हणून त्याच्यावर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवायचा आणि त्यातून पाणी खेळवायचं.

"भाऊजी, विजेच्या वस्तूत पाणी?"

"वहिनी, गाडीत नाही का असत?"

"गाडी मी स्वयंपाकघराच्या शेजारी ठेवत नाही."

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीत काळंबेरं दिसतं."

"अँटेना मी लावला नव्हता."

आमचे हे गप्प बसून ऐकत होते. त्यांच्या गप्प बसण्याचाही मला संशय आला आणि तो खरा निघाला. ते कामाला होते त्या कारखान्यातल्या लेथवर त्यांनी तांब्याचा ठोकळा आधीच करून घेतला होता. तापलेलं पाणी पुन्हा गार करणारा रेडिएटर इंदूरच्या भंगार बाजारातून आला. कुठल्याशा मोटारीच्या हीटरचा होता, पंखा लावायला सोयीचा. पंप आमच्याच खोलीतल्या कूलरचा काढायचा ठरला. पंप पाण्यात बुडलेला लागतो, म्हणून टाकी हवी. टाकीसाठी दिरांनी माझी लोणच्याची प्लास्टिकची बरणी मागितली. मी चिवड्याची दिली. तिच्या झाकणाला भोकं पाडून त्यांनी वायर आणि नळ्या आत सोडल्या. त्यामुळे झाकण नीट बसेना, नुसतं वर टेकलेलं राही.

मी एकच अट घातली. कम्प्युटरला हात लावायच्या आधी हे पाण्याचं प्रकरण वेगळं चालवून दाखवायचं. खाली वर्तमानपत्र अंथरायचं. कागद कोरडा राहिला तर पुढचं बोलू. दिरांनी बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणलं, बरणी पाऊण भरली आणि पातळीवर पेनाने रेघ मारली.

"पाणी रेघेखाली गेलं तर समजायचं गळतंय," ते म्हणाले.

काही दिवस कागद कोरडा होता. मी येता-जाता हात लावून बघायचे. मग एका सकाळी बघते तर कागद भिजून फरशीला चिकटलेला. मी पंप बंद केला आणि दिरांना उठवलं.

ते डोळे चोळत आले आणि नळ्यांचे क्लॅम्प चाचपायला लागले. मी बरणीकडे बघत होते. पाणी रेघेच्या खाली नव्हतं. चांगलं वर, थेट गळ्याशी होतं.

"भाऊजी, गळलं तर पाणी कमी व्हायला हवं ना?"

"हो."

"मग हे वाढलं कसं?"

त्यांनी बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वहिनी, तुम्हाला काय म्हणायचंय?"

"हेच की गळती झाकायला कुणीतरी वरून पाणी घातलंय."

"मी? आत्ता तर तुम्ही उठवलं मला."

"अंथरुणात पुन्हा शिरता येतं."

"अरे भिया," ते माळव्यातल्या सवयीने मोठ्या भावाला म्हणाले, "कोर्ट बसलंय घरात, बाहेर या."

एवढ्यात सासूबाई न्हाणीघरातून रिकामी कळशी घेऊन आल्या. "काय चाललंय सकाळी सकाळी? आज नळ आला होता, मी सगळं भरून ठेवलंय. तुमची ती बरणीसुद्धा. पाव रिकामं भांडं ठेवून कसे झोपता तुम्ही लोक, पुढचा नळ चार दिवसांनी."

देवासात नळ आला की घरातलं रिकामं भांडं रिकामं ठेवायचं नाही, हे आम्हा सगळ्यांच्या अंगात भिनलेलं होतं. पातेली, बादल्या, प्रेशर कुकर, सगळं भरायचं. सासूबाईंनी टेकलेलं झाकण उचललं, बरणी गळ्यापर्यंत भरली, आणि पंप सुरू असल्याने हिंदकळून पाणी कागदावर आलं. क्लॅम्प कोरडे होते. मी प्रत्येकावर बोट फिरवून पाहिलं.

"आता सॉरी म्हणा," दीर म्हणाले.

"आधी झाकण बसवा."

नळाच्या क्षारांच्या पाण्याने तांब्याच्या ठोकळ्यात थर धरला असता, म्हणून सगळं उपसून धुतलं. भोकांना रबर लावून झाकण घट्ट बसवलं. त्यानंतर मी कम्प्युटर उघडू दिला, पण कॅसेट कपाटात कुलूपबंद ठेवल्या आणि वर्तमानपत्र होतं तिथेच राहू दिलं. दिरांनी वेग थोडा थोडा वाढवत नेला. मी सांगितलं तिथे ते थांबले नाहीत. मशीन अडखळलं, तेव्हा एक पायरी खाली उतरले.

कन्नौदची फिल्म भर दुपारी, बाहेर लूचा गरम वारा चालू असताना, एकदाही बंद न पडता पूर्ण झाली. मुलगी जायच्या आत ती तिच्या घरी पोचली. शूटिंगवाला पुढच्या कॅसेट घेऊन आला, त्याही कन्नौदच्याच.

मशीन पुढे बरेच हंगाम चाललं. नळाच्या दिवशी मी उठल्याबरोबर त्या खोलीला कडी घालायचे. सासूबाई कळशी घेऊन दारापर्यंत यायच्या, कडी बघायच्या आणि विचारायच्या, "आत काही रिकामं नाही ना?"

"नाही," मी म्हणायचे, आणि त्या गेल्यावर आत जाऊन कागदाला हात लावून बघायचे.