संडास हॉलला मॅच होईपर्यंत

घर नवं करायचं तर डिझायनर कधी बोलवावा, असं आमच्या सांगवीच्या गल्लीत हल्ली जो तो विचारतो. पोरांचे पगार वाढलेत, तसा हा रोगही वाढलाय. माझं उत्तर ठरलेलं आहे. घरात कुणाचं काही दुखत नसेल, तेव्हा बोलवा. आधी दुखणाऱ्याचं काम उरकून घ्या, मग भिंतींना खुशाल दागिने घाला. माझं शिक्षण सातवी. आधी भोसरी, मग चाकण, प्रेस मशीनवर जन्म गेला. पण एवढं कळतं.

आमच्या हिचे गुडघे गेले होते. घरात जुना, खाली बसायचा संडास. उठताना नळाला धरायची. नळ कुरकुरायचा आणि हीपण. मागणं एकच, कमोड बसवा. गवंडी आणि प्लंबर आले की संपणारं काम.

पोरगं चाकणला कंपनीत साहेब आहे. ते म्हणालं, "आबा, आता एक फोडायचं, मग परत दुसरं फोडायचं. त्यापेक्षा डिझायनर बोलावतो, सगळं घर एकदाच होऊन जाईल."

डिझायनर आला. बुटांसकट स्वयंपाकघरात गेला. लाल ठिपका पाडणाऱ्या यंत्रानं भिंती मोजल्या आणि पुढच्या खेपेला मोबाइलवर चित्र दाखवलं. भिंती राखाडी, सोफा राखाडी. भांडी घासून उरलेली राख लोक उकिरड्यावर टाकतात, हा ती भिंतीला लावायचे पैसे घेत होता. चित्रातल्या टेबलावर हिरवी सफरचंदं. आमच्या घरात हिरवं सफरचंद कधी आलेलं नाही, पण सगळे कौतुकानं बघत बसले.

हिनं चहा देता देता विचारलं, "दादा, तेवढं संडासाचं आधी होईल का?"

"काकू, ते हॉलच्या थीमवर ठरतं. घाई केली तर मॅच होणार नाही."

मी म्हटलं, "संडास हॉलला मॅच कशाला पाहिजे? पाहुणे काय सोफ्यावर बसून तिकडं बघणार आहेत?"

पोरानं माझ्यावर डोळे वटारले. डिझायनर हसला. म्हातारं जुन्या वळणाचं आहे, चालायचंच, असं ते हसणं.

थीम काही ठरेना. सुनेला एक आवडे, पोराला दुसरं. आणि तोवर घरात खिळा ठोकायची सोय राहिली नाही. डिझायनरला विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. मी पिंपरी कॅम्पातनं एक प्लंबर घेऊन आलो, तर हिनंच त्याला दारातून परत पाठवला.

"राहू द्या हो. पोरगं हौसेनं करतंय. त्याचं मन कशाला मोडता?"

मग मी प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडलं, कडा पॉलिश पेपरनं घासल्या आणि संडासावर ठेवली. ही बसून बघते आणि म्हणते, "चला, निवडणूक न लढवताच खुर्ची मिळाली." पण खुर्ची डगमगायची. भीतीपोटी तिनं पाणी पिणंच कमी केलं. प्यायलं की जावं लागतं. ऐन वैशाखात जेवताना फुलपात्रभर घ्यायची, बास.

डिझायनर पुन्हा उगवला, 'आधीचं घर' म्हणून फोटो काढायला. म्हणाला, "काका, ती खुर्ची बाजूला घेता का? फ्रेम खराब होते."

"ही तिच्यावर बसलेली असती, तर हिलाही बाजूला घ्यायला लावलं असतंस."

"आबा," पोरगं म्हणालं. आणि खुर्ची स्वतःच बाजूला सरकवली.

दिवाळीच्या तोंडावर ही गेली. हृदयाचं निमित्त झालं. संडासापायी गेली असं मी म्हणत नाही. पण शेवटचे महिने तिनं तहान मारून काढले, ते मी या डोळ्यांनी बघितलंय.

मग पोराला रीतभात आठवली. आई गेलेल्या घरात वर्षभर तोडफोड नको म्हणे. जिवंतपणी थीमसाठी थांबला, मेल्यावर वर्षश्राद्धासाठी. वर्ष सरलं, तोच डिझायनर माणसं घेऊन आला आणि पहिला घाव घातला तो संडासात.

मी विचारलं, "हॉल आधी नाही का?"

"नाही काका. पाण्याचं काम नेहमी सगळ्यात आधी."

अगदी सहज म्हणाला. त्याला मागचं काही आठवतसुद्धा नव्हतं. असल्याशी भांडायचं म्हणजे आपलंच तोंड विटाळायचं. मी ओट्यावर जाऊन बसलो.

काम झालं. भिंतीला टांगलेला कमोड, झाकण आपसूक हळू मिटणारं. पोरगं म्हणालं, "आबा, पहिला मान तुमचा." हल्ली संडासाचाही मान असतो. गेलो, कडी लावली, बसलो. आणि खरं सांगायचं तर आराम वाटला. गुडघ्याला ताण नाही, कशाला धरावं लागत नाही. एवढंच तर होतं. मी बसूनच राहिलो, उठवेना.

"आबा, बरं आहे ना?" पोरानं बाहेरनं विचारलं.

"चांगलं आहे. तुझ्या आईला आवडलं असतं."

पोरगं दारापासून हललं की बाहेर यावं, असं मी ठरवलं. ते हललं नाही.