माझ्या शीटवर त्याचं नाव

भिंतीवर माझी सहा चित्रं लावलेली होती. खाली नाव दुसऱ्याचं होतं.

हैदराबादेतला, बरकतपुऱ्यातला क्लास. कार डिझाइनच्या प्रवेशासाठी पोर्टफोलिओ करून घेणारा. त्या दिवशी बाहेरून एक डिझायनर आमचं काम पाहायला आले होते. मुलांचे आईवडील मागे खुर्च्यांवर. माझे बाबाही होते, इस्त्रीचा शर्ट घालून, शेवटच्या रांगेत.

मी सरांजवळ गेले. म्हटलं, "सर, ही शीट्स माझी आहेत. चुकून आदित्यचं नाव लागलंय."

सर पाहुण्यांकडे बघत हसले. आणि मराठीत, हळूच म्हणाले, "चुकून नाही. तुम्हा लोकांना कोट्यातून मिळतंच. त्याला गरज आहे. गप्प उभी राहा."

त्या हॉलमध्ये मराठी कळणारे आम्ही तिघंच. सर, मी आणि बाबा. बाबा लांब होते.

आम्ही मूळचे नांदेडकडचे. बौद्ध. बाबा मलकपेठेत डेंटर आहेत, ठोकर बसलेल्या गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करतात. मी मेकॅनिकल इंजिनिअर झाले, पण गाडी शिकले ती त्यांच्या हाताखाली. डोळे मिटून ते पत्र्यावरून तळवा फिरवायचे. मग माझा हात तिथं ठेवायचे. "लागतंय का उंच?" डोळ्यांना दिसायचं नाही ते हाताला लागायचं. डिग्रीनंतर नोकरी चालून आली होती. मी नाही म्हटलं. मला गाडीच काढायची होती, कागदावर, माझ्या डिझाइनची.

क्लासमध्ये सगळे तेलुगू बोलायचे, नाहीतर इंग्रजी. सरांनी पहिल्या दिवशी विचारलं, "कुठली गं तू?" मराठीत. मला किती बरं वाटलं! मराठी मी शाळेत शिकले नाही, वाचताना अजून अडखळते. घराबाहेर कुणी मराठी बोललं की ते आपलं माणूस, एवढंच मला ठाऊक. मग त्यांनी आडनाव विचारलं. ऐकून जरा थांबले. म्हणाले, "असू दे. हुशार आहेस. तुमच्यात असं कमी दिसतं."

हे मी कौतुक म्हणून घरी सांगितलं होतं. बाबांना. आनंदानं.

सहा महिने मी एकच गाडी काढली. गल्लीबोळात माल पोचवणारी, छोटी. तिच्या दाराखाली एक वेगळी पट्टी, चार स्क्रूंवर बसणारी. गल्लीत पहिला मार तिथंच बसतो. पट्टी काढा, ठोका, परत लावा. अख्खं दार बदलायला नको. सरांनी शीट्स मागितली. "स्कॅन करून ठेवतो." मी सगळी दिली.

आता त्याच शीट्सच्या कोपऱ्यात, माझ्या सहीवर, पांढरा कागद चिकटवलेला होता.

गप्प उभी राहा म्हणाले, आणि मी राहिले. खोटं कशाला सांगू? आदित्य इंग्रजीत माझी गाडी समजावत होता. सहा महिने माझ्या शेजारी बसलेला, माझ्या डब्यातलं खाल्लेला आदित्य. पाहुण्यांनी विचारलं, "ही पट्टी वेगळी का?"

तो म्हणाला, "स्पोर्टी दिसते म्हणून."

तेव्हा माझा आवाज फुटला. सगळ्यांना कळेल अशा आपल्या हैदराबादी बोलीत. "सर अब्बी मेरे कू क्या बोले, बोलूं? तुम लोगां कू कोटे से मिलताच. इसकू जरूरत है. चुप खडी रह. ये मेरी गाडी है. इनों चुराए."

मला वाटलं, कुणीतरी उठेल. कुणी उठलं नाही. आदित्यच्या आईनं मान फिरवली. पाहुणे म्हणाले, हा तुमचा आपसातला मामला आहे, आणि पुढच्या भिंतीकडे गेले. मी शीट्स ओढून काढली. सर ओरडले, "हात लावू नकोस!" एक शीट मधोमध फाटलं. दोन्ही तुकडे घेतले.

जिन्यात बाबांनी गाठलं. मला वाटलं, पाठीवर हात ठेवतील.

"सरांची माफी मागून ये, बाई. त्यांच्या शिफारसपत्राशिवाय कोण घेणार तुला?"

सरांच्या बोलण्यापेक्षा हे जास्त लागलं. पण गिऱ्हाइकांनी एकेरीत हाका मारल्या, बाबांनी किती वर्षं मुकाट्यानं ओ दिली, ते मी पाहिलंय. मी एवढंच म्हटलं, "नक्को, बाबा."

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. बाबांना. मुलीनं गैरसमज झाला म्हणून लिहून द्यावं, पत्र लगेच मिळेल. बाबांनी फोन माझ्यापुढे धरला.

मी म्हटलं, "लिहून देते, सर. पण झालं तेच."

आणि लिहिलं. नावानिशी, माझ्या वहीतल्या सहा महिन्यांच्या कच्च्या चित्रांसह. ज्या कॉलेजांत मी आणि आदित्य अर्ज करणार होतो, तिथं सगळीकडे पाठवलं. अजून कुणाचं उत्तर नाही. शिफारसपत्राची जागा मी अर्जात कोरी सोडली. राखीव जागेच्या रकान्यात खूण केली, कारण तो माझा हक्क आहे. त्याच्या बदल्यात माझं काम कुणाला मिळणार नाही.

प्रवेश मिळेल की नाही, माहीत नाही. माझी गाडी घेऊन आदित्य जिथं उभा राहील, तिथं मी जाणार. आणि सगळ्यांना कळेल अशा भाषेत बोलणार.